जन्मानेच बेकायदा

फँटसी कादंबरीत मोठं शहर आलं की चोर हवाच. आणि हल्लीच्या टीनएजर पुस्तकांत तो चोर बहुतेक वेळा पोरगी असते, सोळा-सतराची, काटकुळी, अनाथ, कुणावर काडीचा विश्वास न ठेवणारी. शहरात जादूवर बंदी असते. आणि पहिल्या शंभर पानांत तिला कळतं (आपल्याला दहाव्या पानालाच कळलेलं असतं) की जी जादू पकडायला अख्खं सरकार रात्रंदिवस फिरतंय ती तिच्याच अंगात आहे. इतका घासून गुळगुळीत झालेला साचा आहे हा, तरी मी वाचते, माझी भाची पुस्तकं पुरवते आणि मी वाचते, आणि त्यातलं एक पुस्तक मात्र गेले काही महिने डोक्यातून जात नाहीये म्हणून हे लिहायला बसलेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते. स्पॉयलर पण आहेत.

ब्रँडन सँडरसनचं 'मिस्टबॉर्न'. २००६ मध्ये आलं, तीन भागांतला पहिला भाग. खरं तर मोठ्यांसाठीच म्हणून आलं होतं, पण नंतर टीन वाचकांसाठीही त्याची वेगळी आवृत्ती निघाली, आणि त्या वयाचेही ते वाचतात. शहराचं नाव लुथाडेल. आकाशातून राख पडते, रोज, म्हणजे आपल्याकडे पाऊस पडतो तशी, आणि लोक ती झाडून टाकतात. रात्री धुकं येतं आणि सामान्य लोक धुक्याच्या भीतीने घराबाहेर पडत नाहीत. हजार वर्षं एकच सम्राट गादीवर आहे, लॉर्ड रूलर. खाली दोन वर्ग: उमराव आणि स्का. स्का म्हणजे गुलामच, शेतावर नाहीतर गिरण्यांत राबणारे. जुन्या लढाईत ज्यांच्या पूर्वजांनी सम्राटाला साथ दिली ते उमराव झाले, ज्यांनी विरोध केला त्यांची पोरंबाळं स्का, हे सगळ्यांना शिकवलेलं. हजार वर्षांपूर्वीचा हिशोब अजून चुकता होतोय.

जादू म्हणजे धातू. थोडासा धातूचा चुरा गिळायचा आणि तो पोटात 'जाळायचा'. कथील जाळलं की डोळे-कान तीक्ष्ण होतात, पोलाद जाळलं की धातूची वस्तू लांब ढकलता येते, लोखंड जाळलं की ओढता येते, पितळ जाळलं की समोरच्याचा राग शांत करता येतो, तांबं जाळलं की तुमची जादू दुसऱ्याला हुंगता येत नाही. अशी यादी आहे, आणि प्रत्येक धातूचे नियम अगदी फिजिक्सच्या पुस्तकासारखे काटेकोर. हा भाग मला फार आवडला. नाण्याला ढकललं आणि नाणं हलकं असलं तर नाणं उडून जाईल, पण तेच नाणं जमिनीला टेकलेलं असलं तर जाणार कुठे? मग तुम्ही वर उडता. म्हणजे रात्री शहराच्या छतांवरून उडत जायचं तर खिशात चिल्लर पाहिजे. एक नाणं खाली टाकायचं, त्याला रेटा द्यायचा, वर जायचं, पुढे गेल्यावर दुसरं टाकायचं. आता ज्या पोरीने अख्खं आयुष्य तेवढ्या एका नाण्यासाठी मार खाल्लाय, तिला पहिल्यांदा कुणी सांगतं की हे घे पाकीट, टाक एकेक. मी तिथे पुस्तक मिटून जरा वेळ बसले होते. नंतर सगळी मारामारी आहे, राजवाडे आहेत, डोळ्यांत पोलादी खिळे ठोकलेले इन्क्विझिटर, म्हणजे सम्राटाचे जादू हुडकणारे अधिकारी, आहेत, पण माझ्या लेखी पुस्तकातला सगळ्यात मोठा सीन तो चिल्लरीचा.

पोरीचं नाव व्हिन. चोरांच्या टोळीत असते, टोळीचा म्होरक्या कॅमन तिला तुडवतो. भाऊ होता, रीन, तोही मारायचा, आणि तो सोडून गेलाय पण त्याचा आवाज तिच्या डोक्यात चालूच असतो: कुणीही दगा देईल, कुणीही. तिच्याकडे एक गोष्ट असते जिला ती 'नशीब' म्हणते. समोरच्या माणसावर ते थोडंसं वापरलं की त्याचा संशय निवतो, राग उतरतो. हे काय आहे तिला माहीत नाही, रोज थोडंसंच मिळतं एवढंच माहीत. नंतर कळतं की विहिरीच्या पाण्यात आणि जेवायच्या भांड्यांत जो धातूचा अंश असतो तेवढ्यावरच ती इतकी वर्षं चालवत होती. गरिबाच्या वाट्याला जादू आली तरी कशी आली बघा, भांड्याला लागलेली. हे लेखकाने मुद्दाम गरिबीबद्दल बोलायचं म्हणून लिहिलं असेल असं वाटत नाही, नियमात बसवताना सुचलं असेल, पण बसलंय चपखल.

तर बंदी. हे नीट बघायला पाहिजे कारण इथेच या सगळ्या साच्याची मेख आहे. लुथाडेलमध्ये जादूवर बंदी आहे असं आपण म्हणतो, पण उमरावांना ती बंदी नाही. त्यांच्या घरात जादूवाले रीतसर पोसलेले असतात, एकमेकांवर रात्री सोडायला. बंदी स्कांना आहे. आणि स्कांच्या रक्तात जादू मुळात नसतेच, ती येते उमरावाच्या रक्तातून. म्हणून कायदा असा की उमरावाने स्का बाईशी काय वाटेल ते करावं, सक्तीच की ती, पण नंतर तिला मारून टाकावं, म्हणजे मिश्र मूल जन्माला यायला नको. मूल जन्मलंच तर इन्क्विझिटर शोधून काढतात आणि संपवतात. म्हणजे ही जादूबंदी आपल्याकडच्या दारूबंदीच्या परमिटसारखी आहे. परमिट ज्याच्याकडे तो क्लबात बसून पिणार आणि हातभट्टीवर धाड पडणार. फक्त इथे परमिट म्हणजे बाप कोण.

व्हिनने काय केलं म्हणून ती गुन्हेगार? चोरी केली, ठीक आहे, पण चोरीबद्दल तिला फार तर एक पोलीस पकडेल. इन्क्विझिटर मागे लागतात ते ती जन्मली म्हणून. चोरी उद्या सोडता येते. जन्म कसा सोडणार? मला वाटतं म्हणूनच या कादंबऱ्यांना चोर लागतो. चोर हा असा माणूस आहे की जो आधीच कायद्याच्या बाहेर उभा आहे, त्याला मागची दारं, गटारं, लाच कुणाला किती, हे सगळं तोंडपाठ आहे, आणि मुख्य म्हणजे वाचकाला त्याच्या निमित्ताने हळूच दाखवता येतं की हा बेकायदेशीरपणा त्याच्या हातात नव्हताच.

आता माझी गोची सांगते. मी महाराष्ट्रात राहते आणि माझ्या राज्यात खरोखरच जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, आणि मी त्या कायद्याच्या बाजूची आहे. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात दाभोलकरांना पुलावर गोळ्या घातल्या, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला, आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कायदा पास झाला. त्याआधी कित्येक वर्षं हे विधेयक नुसतं इकडून तिकडे फिरत होतं, कधी वारी बंद होईल अशी भीती घालायचे, कधी सत्यनारायण. लांबलचक नाव आहे, नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा वगैरे वगैरे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. तर मी रात्री दिवा लावून जादूबंदी मोडणाऱ्या पोरीसाठी जीव टांगणीला लावून वाचतेय, आणि सकाळी पेपरात कुठल्याशा बाबाला त्या कायद्याखाली अटक झाली की मला आनंद होतोय. भाचीने एकदा विचारलंच, मावशी तू नक्की कुठल्या पार्टीत?

सोपं उत्तर असं की पुस्तकातली जादू चालते आणि बाबाची चालत नाही. पण मला ते पुरेसं वाटत नाही. इंग्लंडचं उदाहरण घ्या. तिथे सोळाव्या शतकापासून चेटकाविरुद्ध कायदे होते, १५४२, १५६३, १६०४, आणि त्यांत चेटूक हा खरा गुन्हा मानून बायकांना फासावर देत. मग १७३५ ला कायदा उलटा झाला: चेटूक वगैरे काही नसतं, पण माझ्याकडे अशी शक्ती आहे असं भासवणं हा गुन्हा. त्याच १७३५ च्या कायद्याखाली दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, हेलन डंकन नावाच्या मृतात्म्यांशी बोलणाऱ्या बाईला नऊ महिने आत टाकलं होतं. कायदा रद्द झाला १९५१ ला. म्हणजे बंदी तीच, पण आधी ती बाई काय 'आहे' यावर होती आणि नंतर ती काय 'करते' यावर आली. तिथे मला धागा सापडला असं वाटलं.

आपल्या कायद्याची अनुसूची वाचून बघा, बारा कलमं आहेत, भाषा सरकारी आहे पण मजकूर अंगावर येतो. भूत उतरवायच्या नावाखाली बांधून मारणं. साप चावल्यावर डॉक्टरकडे जाऊ न देणं. गुप्तधन शोधायच्या बहाण्याने अघोरी कृत्यं. आणि एखाद्या माणसावर ती डाकीण आहे, हा सैतान आहे असा शिक्का मारून त्याचं जगणं नकोसं करणं, हाही गुन्हा. सातपुड्यात नंदुरबारच्या बाजूला डाकीण ठरवून बायकांना मारल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात. कुणाचं मूल दगावलं, कुणाचा बैल मेला, भगताने नाव घेतलं, संपलं. त्या बाईने काहीही केलेलं नसतं, ती 'असते' म्हणून पकडली जाते. म्हणजे लुथाडेलमध्ये कायदा इन्क्विझिटरच्या बाजूने आहे आणि आपल्याकडचा निदान कागदावर तरी त्याच्या विरोधात. व्हिनला वाचवणारं कलम आपल्याकडच्या अनुसूचीत आहे. भाचीला हे सांगितलं. ती म्हणाली, ओके, पटलं, पण एवढं लांबवायची गरज नव्हती.

असो. चोराकडे वळते, कारण चोराबद्दल आपल्याकडे जो माल आहे तो बघून मला खरंच वाटतं की हा साचा परदेशी नाहीच. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकातला शर्विलक. देवलांनी ते मराठीत संगीत नाटक म्हणून आणलं त्यामुळे आपल्याकडे चारुदत्त आणि वसंतसेना सगळ्यांना माहीत, पण खरी मजा तिसऱ्या अंकात आहे, शर्विलक चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो तिथे. हा माणूस भिंतीसमोर उभा राहून आधी विचार करतो की भोक कुठल्या आकाराचं पाडावं. सात प्रकार आहेत: उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, रुंद, स्वस्तिक, पूर्णकुंभ. विटांची भिंत आहे म्हणजे पूर्णकुंभच शोभेल, असं तो ठरवतो, आणि सकाळी लोक बघतील तेव्हा वाहवा झाली पाहिजे ही पण काळजी. मोजपट्टी घरी विसरलाय. मग जानवं काढतो! आणि वर म्हणतो की माझ्यासारख्या ब्राह्मणाला जानवं म्हणजे फार उपयोगी वस्तू, भिंत मोजता येते, दागिने ओढून घेता येतात, कडी उघडता येते, साप चावला तर बांधायलाही होतं. आणि लगेच त्याला साप चावतोच, आणि तो बोटाला जानवं बांधतो. हे जवळजवळ दीड हजार वर्षांपूर्वीचं आहे म्हणतात. कुठल्याही आजच्या हाइस्ट पिक्चरमध्ये एवढा टायमिंगवाला सीन मला दाखवा.

आणि जादू? आहे की. त्याच्या गुरूने त्याला एक लेप दिलाय, तो अंगाला लावला की पहारेकऱ्यांना दिसत नाही आणि शस्त्र लागत नाही. आत शिरल्यावर तो मंतरलेलं बी जमिनीवर टाकतो, घरात पुरलेलं धन आहे का बघायला. ते बी जसंच्या तसं पडून राहतं, म्हणजे धन नाही, चारुदत्त खरोखरच कफल्लक. (गुप्तधन शोधायचा मंत्रतंत्र! आजच्या अनुसूचीत गेला असता बिचारा.) दिवा विझवायला एक किडा डबीतून आणलेला, तो सोडतो. आणि हे सगळं कशासाठी, तर मदनिका नावाची त्याची प्रेयसी वसंतसेनेकडे दासी आहे, तिला सोडवायला पैसे पाहिजेत. गुलाम सोडवायला चोरी. पुढे जाऊन तर कमाल आहे. आर्यक नावाच्या गुराख्याच्या पोराला राजा पालक तुरुंगात टाकतो, का, तर कुणा सिद्धाने भविष्य सांगितलं की हा राजा होणार. त्याने केलं काहीच नाही! पुढे काय होईल एवढ्यावर बेड्या. शर्विलक ते ऐकतो, नव्या बायकोला, म्हणजे सुटलेल्या मदनिकेला, एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या घरी पाठवतो आणि मित्राला सोडवायला निघतो, आणि शेवटी राज्य उलटतं. मिस्टबॉर्नमध्ये केल्सियर नावाचा चोर सम्राटाचा खजिना लुटायच्या नावाखाली टोळी जमवतो आणि खरा बेत राज्य उलटवायचा असतो. मी असं अजिबात म्हणत नाहीये की सँडरसनने आपलं चोरलं, त्याने शूद्रक वाचला असेल असं वाटत नाही. पण चोराच्या गोष्टीला स्वतःचा उतार असतो बहुधा, सोडली की ती राजवाड्याकडेच घरंगळते.

सकाळी चारुदत्त ते भोक बघतो आणि त्याला पहिल्यांदा काय वाटतं, तर काय सुंदर काम आहे. घर लुटलं गेलंय आणि हा कारागिरीचं कौतुक करतोय, आणि चोर रिकाम्या हाताने गेला नाही याचं समाधान. असा माणूस लुथाडेलमध्ये एक दिवस टिकला नसता.

सरकारच्या बाजूने बघायचं तर कौटिल्य. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात, कंटकशोधनात, एक आख्खा अध्याय आहे की चोरीकडे कल असलेल्या तरुणांना सिद्धपुरुषाच्या वेषातल्या हेरांकरवी कसं उघडं पाडायचं. हेर साधू बनून जातो आणि पोरांना सांगतो की माझ्याकडे मंत्र आहेत, दार उघडायचा, लोकांना झोपवायचा, अदृश्य व्हायचा, बाई वश करायचा. चला, प्रयोग दाखवतो. आणि ज्या गावात नेतो तिथल्या लोकांना आधीच पढवलेलं असतं! मंत्र म्हटला की पहारेकरी दार उघडणार, लोक झोपल्याचं सोंग घेणार, समोरून पोरं चालत गेली तरी दिसलं नाही असं दाखवणार. पोरांना वाटतं मंत्र चालतो. मग त्यांना खुणा केलेल्या वस्तू चोरायला लावायच्या आणि मुद्देमालासकट धरायचं. कंगले सरांनी मुंबई विद्यापीठासाठी या ग्रंथाची जी संशोधित आवृत्ती केली तिच्या इंग्रजी भाषांतरात मी हा अध्याय वाचला तेव्हा आधी हसले आणि मग नाही हसले. कारण त्या पोरांना ते गाव नसतं भेटलं तर त्यांनी चोरी केलीच असती का? सरकारच जादूगार, सरकारच प्रेक्षक, सरकारच पोलीस. यावर कुणीतरी टीनएजर कादंबरी लिहा रे, प्लॉट फुकट पडलाय.

पण कौटिल्य निदान मुद्देमालाची वाट बघतो. इंग्रजांनी तेवढीही वाट बघितली नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, क्रिमिनल ट्राइब्स ॲक्ट. युक्तिवाद साधारण असा होता की या देशात जातीने धंदा ठरतो, सुताराचं पोर सुतार, विणकराचं विणकर, तर मग चोराचं पोर चोरच असणार. म्हणून अख्ख्या जमातींची नोंद करायची, पोलिसांकडे हजेरी लावायची, गाव सोडायचं तर परवानगी काढायची. आधी उत्तरेत लावला, १९११ पासून सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लावायची सोय झाली. पारधी, भामटे, कैकाडी, अशी कितीतरी माणसं जन्मल्या दिवसापासून आरोपी. पोरांना आईबापांपासून काढून वेगळं ठेवायची तरतूदही पुढे आली. सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत होती, आतली माणसं गिरणीत कामाला जायची आणि परत कुंपणात यायची. आजही सोलापुरात त्या भागाला सेटलमेंट म्हणतात, सहज, रिक्षावाल्याला पत्ता सांगताना. कायदा उठला आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला या लोकांना 'विमुक्त' केलं, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. देश सुटल्यावर पाच वर्षांनी हे सुटले. आणि सुटले म्हणजे किती, तर १९५९ ला मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा वेगळा कायदा आलाच, आणि चोरी झाली की पोलीस आधी कुठल्या पालावर जातात हे कुणालाही विचारा.

लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या', अशाच एका जमातीत वाढलेल्या माणसाचं आत्मकथन, मी कॉलेजात असताना वाचलं, सिलॅबसला म्हणून, म्हणजे निम्मं लक्ष देऊन. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला. मिस्टबॉर्न संपल्यावर ते परत काढलं. पोरांना चोरी शिकवताना त्यांना आधी मार खायला शिकवतात, पोलिसांनी तुडवलं तरी नाव सांगायचं नाही म्हणून घरचीच माणसं आधी तुडवून घेतात. व्हिनचा भाऊ रीन तिला का मारायचा? तुला जगायला शिकवतोय म्हणून. वाचताना मला तो सरळ राक्षस वाटला होता. 'उचल्या'नंतर तो तेवढा सरळ राहिला नाही. मारणं बरोबर होतं असं नव्हे, पण ज्या घरात लेकरू पोलिसांच्या हातात पडणार हे ठरलेलंच आहे तिथे प्रेम कसकसलं रूप घेतं हे ज्याने आत राहून पाहिलंय तो वेगळं लिहितो. सँडरसन ते बाहेरून लिहितो, आणि चांगलं लिहितो, पण त्याची टोळी शेवटी टेबलाभोवती बसून विनोद करते. वाइन पिते. भूक पहिल्या पाच-सहा प्रकरणांतच संपते.

आणि माझी त्या पुस्तकावरची मुख्य तक्रार हीच आहे, आणि इथे खरा स्पॉयलर. व्हिनचा बाप कोण निघतो? त्या धर्मखात्याचा, म्हणजे असली पोरं मारणाऱ्या खात्याचा, सर्वोच्च अधिकारी. बरं, यातला उपरोध मला कळतो, ज्याचा कायदा त्याच्याच घरात मोडलेला. पण त्याच वेळी हे आपल्या जुन्या हिंदी सिनेमासारखं होतं ना, झोपडीत वाढलेला हिरो आणि शेवटी कळतं की तो ठाकूरसाहेबांचाच मुलगा, म्हणूनच एवढा शूर. पुस्तकभर आपल्याला सांगायचं की स्का आणि उमराव यांत काही फरक नाही, आणि ज्या शक्तीने ती राज्य उलटवते ती शक्ती मात्र उमरावाच्या थेंबातून आलेली. शुद्ध स्का माणसाने कितीही पोलाद गिळलं तरी त्याचं पोटच दुखणार. जन्मावरून ठरवणाऱ्या सरकारला जन्मावरून ठरलेल्या जादूने हरवायचं, म्हणजे मुद्दा सरकारचाच खरा ठरला की! या प्रकारच्या जवळजवळ सगळ्या पुस्तकांत हे असंच असतं, रक्तात आहे, रक्तात आहे. कुणी रात्रशाळेत शिकलेली जादू घेऊन येत नाही.

त्या टोळीत डॉक्सन नावाचा एक माणूस आहे. त्याच्याकडे जादू नाही. अस्सल स्का. तो हिशोब ठेवतो, माल आणतो, कुणाला किती पैसे द्यायचे, घोडे कुठे, निरोप कोण नेणार, सगळं तोच बघतो, आणि बाकीचे छतांवरून उडतात. तो नसता तर बेत दुसऱ्याच दिवशी कोसळला असता. त्याच्या वाट्याला पानं किती आली मोजायची सोय नाही, पण कमी आली.

मी भाचीला हे सगळं फोनवर ऐकवलं, चांगलं तावातावाने, की बघ, आपला शर्विलक बरा, त्याची जादू रक्तात नाही, गुरूकडून शिकलेली आहे, मलम आहे, बी आहे, मोजमाप आहे, कला आहे, कुणीही शिकावी. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, मावशी, पण तो चार वेद येणाऱ्या ब्राह्मणाचा मुलगा आहे असं तूच मागे सांगितलंस ना? मग गुरूने उगाच कुणालाही शिकवलं असतं का? मदनिकेला शिकवलं असतं?

मी म्हटलं, तू आधी अभ्यास कर. ती हसायला लागली. मग मी डॉक्सनचं काढलं, तो तिलाही आवडतो असं निघालं, पण तिचं म्हणणं की त्याच्यावर कुणी वेगळं पुस्तक लिहिलं तर पहिल्या प्रकरणातच लेखक त्याला काहीतरी शक्ती देऊन टाकेल. दुसरा भाग तिचा वाचून झालाय, तो ती पुढच्या आठवड्यात पाठवतेय, आणि त्याच्या बदल्यात 'उचल्या' मागितलंय. माझ्या प्रतीत कॉलेजातल्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, पहिल्या चाळीस पानांपर्यंत, परीक्षेला तेवढंच होतं.